जुनी मोटारसायकल : पार्टची खरेदी आणि अडकलेला बुश

जुन्या जावा, येझदी आणि बुलेट गाड्यांना शौकीन लोक आज जी किंमत मोजतात ती पाहून आपल्या अनेक तरुणांना या कामात उतरावेसे वाटते. भंगारातून गाडी घ्यायची, ती उभी करायची आणि विकायची, असा सरळ हिशोब ते मांडतात. हिशोब वाईट नाही. पण कापडाच्या धंद्यात तीस वर्षे घालवल्यावर मला एवढे कळते की, ज्या मालाचा दुसरा नग मिळत नाही, त्याच्यावर हात टाकताना घाई करू नये. जुन्या गाडीची फ्रेम आणि चिमटा (मागचे चाक धरणारा फोर्क, मिस्त्री त्याला चिमटाच म्हणतात) हा असा माल आहे. बुश शे-दोनशे रुपयांत नवा मिळेल. पण बुश काढताना चिमट्याची बैठक फाटली तर गिऱ्हाइकाकडून घेतलेला बयाणाही परत करावा लागेल.

आधी खरेदीचे पाहू. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून गाड्या निघू लागल्या. १९७०च्या दशकात त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. म्हणून बाजारात कोणी ‘कंपनीचा असली माल’ म्हणून चकचकीत नवा पार्ट दाखवला तर दोनदा विचारावे. असली माल जुन्या दुकानदारांच्या कपाटात अजून निघतो, पण त्याच्यावर काळाची धूळ असते. जावाचे नाव २०१८ मध्ये आणि येझदीचे २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आले. त्या नव्या गाड्या चार स्ट्रोकच्या, पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या आहेत. जुन्या दोन स्ट्रोकच्या गाडीशी त्यांचे नाते फक्त नावाचे. बुलेटचे तसे नाही. मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया १९५५ साली सुरू झाली आणि बुलेट आजतागायत बनते आहे, त्यामुळे पार्ट भरपूर मिळतात. मात्र जुन्या बुलेटवर बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश मापाचे आटे आहेत. त्यात मिलिमीटरचा बोल्ट बळेच फिरवला की आटे गेलेच समजा.

दिल्लीचा करोल बाग, चेन्नईचे पुदुपेट, मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकाने, पुण्याचा जुना बाजार, या जागा शौकिनांना ठाऊक आहेत. तिथे नुसते ‘येझदीचा बुश द्या’ म्हणू नये. आपण कापड घ्यायला जाताना नमुन्याचा तुकडा खिशात ठेवतो, तसा जुना बुश सोबत न्यावा, आणि व्हर्निअरने घेतलेली तीन मापे कागदावर लिहावीत : बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी. जुना बुश झिजलेला असतो. म्हणून बाहेरच्या व्यासाचे खरे माप चिमट्याच्या भोकातून घ्यावे, तेही आडवे आणि उभे दोन्ही, कारण भोक लंबगोल झाले असेल तर नवा बुश धरणार नाही.

बाजारात माप जुळत नसेल तर निराश होऊ नये. भिवंडी आणि मालेगावात मागासाठी गनमेटलचे बुश करून देणारे टर्नर आहेत. रोज तेच काम करणारा उस्ताद मोटारसायकलचा बुशही नीट काढतो. त्याला फक्त बैठकीचे आणि पिनेचे माप अचूक द्या. बुश भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनीच मोठा हवा, त्याहून मोठा ठेवायला सांगू नका.

कागदपत्रांचाही विचार करावा. इंजिन किंवा चेसिस विकत घेताना नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. नंबर घासलेला असेल तर कितीही स्वस्त असो, हात लावू नये. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो. त्याची फी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे, पण ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

आता बुश. वर्षानुवर्षे पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत चिमट्याची पिन, बुश आणि बैठक गंजून एकजीव होतात. पहिले काम म्हणजे दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारे तेल सोडणे आणि थांबणे. एक दिवस नव्हे, तीन-चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. मधून पिनेला पाना लावून थोडे पुढे-मागे फिरवून पाहावे. पिन जरा जरी हलली तरी तेल आत शिरते.

पिन निघाल्यावर बुश कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. रबराचा असेल, म्हणजे सायलेंट ब्लॉक, तर त्यात लोखंडाची आतली नळी, मधे रबर आणि बाहेरची नळी असते. रबराला ड्रिलने चारी बाजूंनी भोके पाडली की आतली नळी सुटते. रबर जाळून काढण्याची सवय वाईट. धूर विषारी असतो, आणि जवळ पेट्रोलची टाकी असेल तर जीवाशी खेळ. बाहेरची नळी राहिली की हॅक्सॉचे पाते आतून घालून तिला लांबीच्या दिशेने एक चीर द्यावी. इथे हात हलका हवा. नळी पातळ असते, तिच्यामागे लगेच चिमट्याचे लोखंड आहे. चीर जवळजवळ आरपार गेली की छिन्नीने नळी आत वळते आणि सुटते.

गनमेटलचा बुश असेल तर हातोडा बाजूला ठेवून ओढून काढावा. एका बाजूला बुश आत मावेल अशी जाड नळी, दुसऱ्या बाजूला बुशच्या कडेवर बसेल पण भोकातून जाईल असा वॉशर, मधून लांब बोल्ट. नट आवळत गेले की बुश नळीत सरकतो. हलत नसेल तर बाहेरून चिमट्याला झटपट उष्णता द्यावी. गनमेटल लोखंडापेक्षा जास्त फुगते, म्हणून हळूहळू सगळे तापवले तर बुश उलट घट्ट बसतो. इंजिनच्या ॲल्युमिनियम केसमधील बुशचे गणित याहून सोपे आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून केस सगळीकडून सारखी तापवली की लोखंडी बुश आपोआप सैल होतो.

नवा बुश बसवताना बैठक साफ करून तेलाचा हात फिरवावा. बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर काम हलके होते. दाब नेहमी बाहेरच्या कडेवर द्यावा, सायलेंट ब्लॉकच्या आतल्या नळीवर कधीच नाही. गनमेटलचा बुश दाबून बसल्यावर आतून किंचित आवळतो, तेव्हा पिनेच्या मापाने रीमर फिरवावा लागतो. ग्रीसचे भोक असेल तर ते बैठकीच्या भोकासमोर आले की नाही ते दाबण्याआधीच खुणेने जुळवावे.

एक गोष्ट पुष्कळ मिस्त्री विसरतात. सायलेंट ब्लॉकचा शेवटचा नट गाडी स्टँडवर उचललेली असताना आवळू नये. गाडी चाकांवर उतरवावी, तिचे वजन पडू द्यावे आणि मग आवळावा. नाहीतर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि काही महिन्यांत ते फाटते.