‘फॉर’च्या पुढे कोण?

तलासरीत आठवी-नववीला इंग्रजी शिकवताना माझा सर्वांत जास्त वेळ घेतात ते मुलांच्या तोंडात आधीच बसलेले शब्द. कंपल्सरी, मँडेटरी, ऑब्लिगेटरी, कस्टमरी. पहिले दोन तर घरोघरी बोलले जातात. तरी वाक्यात घालायची वेळ आली की वही अडते. इतक्या वर्षांत जे उपयोगी पडलं ते इथे मांडते.

१. आधी बोलण्यातली सवय सोडवावी लागते. ‘उद्या कंपल्सरी यायचं’, ‘आधार कार्ड कंपल्सरी आणायचं’ असं आपण सर्रास म्हणतो. म्हणून वहीत उतरतं, ‘यू कंपल्सरी कम टुमॉरो’. त्यावर आणखी जोर द्यायचा झाला तर ‘मस्ट कंपल्सरी’. इंग्रजीत हे विशेषण आहे, त्याला ‘इज’चा आधार हवा. ‘मला जावं लागतं’ म्हणताना आपलं बंधन क्रियापदातच असतं आणि माणूस ‘ला’ लावून आधी येतो. इंग्रजी वाक्य मात्र ‘इट’पासून निघतं: ‘इट इज कंपल्सरी फॉर मी टू गो’. मुलं विचारतात, “बाई, हे इट कोण?” कोणीच नाही, नुसती जागा धरून बसलंय, असं मी सांगते. पोरांना ते चटकन पटतं.

२. ‘फॉर’ आणि त्याच्या पुढचा माणूस कधीही गाळू देऊ नये. माझ्या मते या सगळ्या धड्याचा जीव इथेच आहे. फळ्यावर मी ‘एज्युकेशन इज कंपल्सरी’ एवढंच लिहिते आणि विचारते, कुणाला? वर्ग एका सुरात म्हणतो, आम्हाला. मग बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम काढायचा. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ८ मध्ये ‘सक्तीचं शिक्षण’ म्हणजे काय ते स्पष्ट केलंय: ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत प्राथमिक शिक्षण देणं, त्याचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पुरं होणं याची खात्री करणं, हे शासनावरचं बंधन. म्हणजे वाक्य असं होतं: ‘इट इज कंपल्सरी फॉर द गव्हर्नमेंट टू प्रोव्हाइड एज्युकेशन’.

आमच्याकडे दिवाळीनंतर कितीतरी घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोरंही जातात, पावसाच्या तोंडावर परततात. शाळा बुडाली की दोष आपला किंवा आईबापाचा, असं धरूनच ही मुलं वाढतात. ‘फॉर’च्या पुढे मुलांचं नाव नाही, हे कायद्यातून कळलं की वर्गात जी शांतता होते ती मला फार मोलाची वाटते. हे त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

३. शेजारच्या भाषेची मदत घ्यावी. इथल्या बऱ्याच मुलांचे वडील-काका उंबरगावच्या कारखान्यांत कामाला जातात. ‘फरजियात’ हा गुजराती शब्द त्यांच्यामार्फत घरात आलेला असतो, आणि त्याच्या जोडीला ‘मरजियात’. फर्ज आणि मर्जी. कंपल्सरी आणि ऑप्शनल शिकवायला याहून चांगली जोडी मला सापडलेली नाही.

४. रीतीचा शब्द शिकवताना मुलांचं ऐकावं. मी उदाहरण दिलं होतं, ‘इट इज कस्टमरी टू ड्रॉ द चौक बिफोर अ वारली वेडिंग’. डहाणूकडच्या एका मुलीने हात वर केला. “बाई, कस्टमरी नाही. चौक लिहिल्याशिवाय लग्नच लागत नाही.” तिचं म्हणणं खरं होतं. तांदळाच्या पिठाने सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, मधे पालघट देवी बसते, आणि धवलेरी बाई गाणी म्हणून लग्न लावते. यातलं काही गाळून चालत नाही. कागदावर कुठेही लिहिलेलं नसताना जे मोडता येत नाही त्याला ‘ऑब्लिगेटरी’च म्हणावं, हे मी तिच्याकडून घेतलं.

पण रीत या शब्दाची दुसरी बाजूही याच मातीतली आहे. जमीनदाराकडे फुकट राबायचं, लग्नासाठी कर्ज घेतलं तर लग्नगडी होऊन वर्षानुवर्षं राबायचं, यालाही रीतच म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची परिषद भरली. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांसोबत तिथल्या माणसांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार गेले. पुढे राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. वेठीबद्दल मुलं ‘कस्टमरी’ लिहितात तेव्हा मी तो शब्द खोडायला लावते. तिथे ‘फोर्स्ड’ हवं. झरी आमच्याच तालुक्यात आहे. हे खोडणं व्याकरणासाठी नाही.

५. ‘ऑब्लिगेटरी’ नामाआधी आला की कधी कधी अर्थ सैल होतो. ‘द ऑब्लिगेटरी स्पीच’ म्हणजे कायद्याने घातलेलं भाषण नव्हे. हार, श्रीफळ, शाल यांच्यासोबत ठरल्याप्रमाणे होणारं भाषण. एवढं पुरे, परीक्षेत सहसा विचारत नाहीत.

६. शेवटी अर्ज लिहायला द्यावा. १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमात कामांचे दोन भाग आहेत: काही करावीच लागतात, काही इच्छेवर सोडलेली. रस्त्यावरचे दिवे आणि सफाई पहिल्या भागात. डहाणूत नगरपरिषद, तलासरीत नगरपंचायत, दोन्हींना हाच कायदा. पूर्वी मुलांचे अर्ज ‘आय हम्बली रिक्वेस्ट’ने सुरू होऊन तिथेच संपायचे. आता दुसऱ्या परिच्छेदात ‘इट इज ऑब्लिगेटरी फॉर द कौन्सिल टू लाइट द पब्लिक स्ट्रीट्स’ येतं. नम्र विनंतीही मी राहू देते, अर्जाला ती शोभते. फक्त ‘फॉर द कौन्सिल’ गाळलं असेल तर गुण देत नाही, वही परत करते.