गिझर एक सांगतो, मोटर दुसरंच

साताऱ्याजवळच्या एका गावात दर हिवाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. तिथल्या एका घरातला मुलगा नववीत धाराविद्युत शिकत होता, आणि गिझरचं पाणी लवकर का तापत नाही, असा प्रश्न आजीनं त्यालाच टाकला. गिझरवर लिहिलं होतं २००० वॅट. बोअरच्या पॅनेलवरचा व्होल्टमीटर दाखवत होता १९०. मुलानं २००० ला १९० नं भागून साडेदहा अँपिअर काढले आणि जाहीर केलं, की व्होल्टेज कमी झालं तर करंट वाढतो.

गणित बरोबर, उत्तर साफ चूक. गिझरवरचे २००० वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तरच खरे. व्होल्टेज उतरलं तरी जवळजवळ तसाच राहतो तो कॉइलचा रोध. म्हणून आधी तो काढायचा: २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे सुमारे २६.४५ ओहम. मग १९० भागिले २६.४५, म्हणजे ७.२ अँपिअर. शक्ती १९० गुणिले ७.२, सुमारे १३६५ वॅट. व्होल्टेज १७ टक्क्यांनी घटलं आणि शक्ती ३२ टक्क्यांनी, कारण ती व्होल्टेजच्या वर्गानं बदलते. २५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला एरवी २६ मिनिटं लागतात, तिथे ३८ लागणार. आजीची तक्रार रास्त होती.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. घोटाळा पुढे झाला. व्होल्टेज कमी असलं की करंटही कमी, मग लोडही कमी, असा सोयीचा अर्थ वडिलांनी लावला आणि त्याच वेळी एक हॉर्सपॉवरची बोअरची मोटर तासन् तास चालवू लागले. पॅनेलवरचं ओव्हरलोडचं बटण सारखं बाहेर यायचं, तेव्हा कुणीतरी ते डायरेक्ट करून दिलं. पंधरवड्यात वाइंडिंग जळालं.

मोटर म्हणजे नुसती तार नव्हे. पंपाला पाणी तितक्याच उंचीवर चढवायचं असतं. व्होल्टेज कमी मिळालं म्हणून बोअरची खोली कमी होत नाही. तेवढंच काम कमी व्होल्टेजवर करायला मोटर जास्त करंट ओढते. एरवी ६ अँपिअर घेणारी मोटर साडेसात घेऊ लागली, तर वाढ २५ टक्क्यांची दिसते. पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे दीडपटीहून अधिक. जेम्स जूलनं हा संबंध १८४० च्या सुमारास प्रयोगानं दाखवला होता. पॅनेलवर अँमीटरही होता. पण वाचायची सवय फक्त व्होल्टमीटरची.

रिवाइंडिंगवाल्याकडे मुलानं आणखी एक हिशेब करून पाहिला. मल्टिमीटरनं वाइंडिंगचा रोध ४ ओहमच्या आसपास भरला. २३० भागिले ४ म्हणजे ५७ अँपिअर! असं खरंच असतं तर मोटर सुरू करताच एमसीबी पडला असता. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते, शिवाय एसीवर वाइंडिंगचा अडथळा नुसत्या तारेच्या रोधापेक्षा मोठा असतो. त्यामुळे मल्टिमीटरवरच्या ओहमवरून चालत्या मोटरचा करंट निघत नाही. तो मोजावाच लागतो. बल्बचीही तीच खोड. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम, आणि थंड असताना मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

मोजण्याच्या काही गोष्टी अशा घरांनी समजून घ्याव्यात. मल्टिमीटरचा खटका ओहमवर ठेवून त्याच्या पिना चालू सॉकेटमध्ये कधीही घालू नयेत. रोध मोजायचा तो पुरवठा पूर्ण तोडून. करंटसाठी क्लॅम्प मीटर बरा, कारण वायर तोडावी लागत नाही. मात्र त्याच्या जबड्यात एकच वायर धरायची, फेज किंवा न्यूट्रल. अख्खी केबल धरली तर दोन्हींतले उलटसुलट करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. वायर उघडी करण्याचं काम वायरमनचं. शाळकरी मुलानं कागदावर हिशेब करावा, एवढं पुरे.

गिझरच्या बाबतीत खरी भीती व्होल्टेजची नाहीच, ढिल्या जोडाची आहे. पूर्ण व्होल्टेजवर २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवा. प्लगच्या एखाद्या ढिल्या पिनेत ०.२ ओहम रोध आला, तर ८.७ चा वर्ग गुणिले ०.२ म्हणजे १५ वॅट उष्णता तेवढ्याशा जागेत साठते. मिक्सरसाठी आणलेल्या बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर गिझर लावला आणि वर ती वायर गुंडाळून ठेवली, तर हीच उष्णता वेटोळ्यात कोंडते. प्लग काळवंडला, जळका वास आला किंवा हाताला चटका बसला, तर नुसता प्लग बदलून भागत नाही; सॉकेट आणि वायरही तपासून घ्यावी लागते.

त्या घरात मोटर रिवाइंड होऊन आली. वायरमननं ओव्हरलोड पुन्हा जोडला, मोटरच्या पाटीवरचे अँपिअर पॅनेलच्या झाकणावर खडूनं लिहिले आणि अँमीटरचा काटा त्याच्या वर गेला की मोटर बंद करायची, असं वडिलांना बजावलं. पाणी आता पहाटे भरतात. त्या वेळी व्होल्टमीटर २२० च्या पुढे असतो.