गडावरचे पाणी

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही आठवीची मुले घेऊन हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला गेलो. हा गड सुमारे १४०० मीटर उंच आहे. पाचनई गावातून आम्ही चढू लागलो. प्रत्येकाजवळ दोन लीटर पाणी होते. एक लीटर पाण्याचे वजन एक किलो असते. ओझे नको म्हणून मुलांनी वाटेतच बाटल्या रिकाम्या केल्या.

गडावर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. एका मुलाने टाक्यात ओंजळ बुडवली.

“अरे, थांब!” मी म्हणालो.

“सर, पाणी किती साफ आहे! तळ दिसतो,” असे म्हणून तो प्यायलासुद्धा.

मुलांनो, तळ दिसला म्हणजे पाणी शुद्ध असते असे नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. टाक्यावर गुरे येतात, माकडे येतात. माणसे तर तेथेच साबणाने भांडी घासतात! खरे म्हणजे पाणी भांड्यात घेऊन दूर जावे आणि तेथे भांडी धुवावीत.

आम्ही सुती फडक्याच्या चार घड्या करून पाणी गाळले. गाळल्याने माती व कचरा जातो, पण जंतू जात नाहीत. म्हणून पाणी स्टोव्हवर ठेवले. बुडबुडे दिसताच मुले पातेले उतरवायची घाई करू लागली. पाणी खळखळून उकळू लागल्यावर आणखी एक मिनिट तरी उकळू द्यावे लागते. इंधन नसेल, तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे.

पहाटे त्या मुलाला जुलाब सुरू झाले. एक लीटर उकळलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून मी ते त्याला घोट घोट पाजले. बाकीची मुले कोकणकडा पाहायला गेली. तो रडू लागला.

माझ्या पिशवीत पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचे आत्मचरित्र होते. ते १९८५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. मी त्याला एकेक पान उर्दूत सांगू लागलो. लहानपणी सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे कपाटांत भुसा भरलेले शेकडो पक्षी होते! मुलगा रडायचे विसरला.

दुपारी त्याला बरे वाटले. उतरताना त्याची पिशवी मी घेतली. पुस्तक मात्र त्याच्याच हातात होते.

“अरे, ते इंग्रजी आहे. तुला समजेल का?”

“घरी डिक्शनरी आहे, सर.”