दोन तांबे

सूनबाई, सोमवारी मी सेवाग्रामला चालले, कस्तुरबा रुग्णालयात, गुडघ्याच्या ऑपरेशनला. पंधरा-वीस दिवस घर तुझ्या अंगावर. तुझ्या मोठ्या जावेची अंगणवाडी, ती सकाळीच निघते. म्हणून जे मला चुकत-माकत कळलं ते तुझ्या कानावर घालून ठेवते.

घरात दुखणी चार. मामाजींची साखर आणि त्या साखरेने थकलेल्या किडन्या. आत्याबाईंचा दमा. माझं बीपी. आणि मोठीच्या पोट्ट्याचा सिकलसेल. एकट्याचं दुखणं कोणीही सांभाळेल. आपली कसोटी ही की चौघांची चूल एकच, आणि एकाचं औषध ते दुसऱ्याला विष. हे एवढं ध्यानात ठेवलंस की बाकीचं आपोआप सुचेल.

पाणी मोजून, दोघांचं दोन रीतींनी

ओट्यावर दोन तांबे दिसतात ना? पितळेचा पोट्ट्याचा, स्टीलचा मामाजींचा. ते शोभेला नाहीत. पोट्ट्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं फोडल्यासारखी कळ येते. म्हणून त्याचा तांब्या दिवसातून चारदा रिकामा झाला पाहिजे: उठल्यावर, शाळेला जाताना, आल्यावर आणि रात्री. थंडीत तो पाणी मागत नाही, तेव्हा कोमट करून दे.

मामाजींचं उलट. पायावर सूज येते म्हणून डॉक्टरांनी त्यांना दिवसाला दीड लिटर ठरवून दिलंय, आणि त्यात चहा, ताक, पातळ वरण सगळं आलं. मी सकाळीच मोजून दीड लिटर एका बाटलीत भरते. ते चहा प्यायले की तेवढं पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालते. बाटलीत राहिलेलं तेच त्यांचं, तेच त्यांच्या तांब्यात ओतायचं. तहान लागली म्हणून चिडले तर चूळ भरायला सांग, वेलदोडा चघळायला दे. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी त्यांना काट्यावर उभं कर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नव्हे, साचलेलं पाणी आहे. दवाखान्यात फोन कर.

पाहुणे येतात, एका दमात साऱ्या घराला म्हणतात, “पाणी भरपूर प्यावं बापा!” तू हसून मान हलव आणि तांबे अदलाबदल होऊ देऊ नकोस.

भाजी एकच, मीठ वरून

चार भाज्या करत बसलीस तर आठ दिवसांत तूच आजारी पडशील. भाजी एकच कर, मीठ अगदी बेताचं घाल, ज्याला हवं तो वरून घेईल. चव मिठातच असते असं नाही. लसूण आहे, जिरं आहे, हिरवा सांबार आहे. दुकानात “बीपीवाल्यांचं मीठ” म्हणून कमी सोडियमचं पाकीट मिळतं. ते मी आणत नाही. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. तसंच शहाळ्याचं. मामाजींना भेटायला येणारा हमखास शहाळं आणतो. गोड बोलून ठेवून घे आणि पोट्ट्याला दे.

गोळी उसनी द्यायची नाही

कपाटात चार डबे आहेत, चार रंगांच्या चिंध्या बांधलेले. डबा ज्याचा गोळी त्याची. पोट्ट्याच्या डब्यात दुखण्याची गोळी आहे. मामाजींचे सांधे दुखले तर ती देऊ नकोस. तसल्या दुखण्याच्या गोळ्या किडनी आणखी खालावतात. त्यांना कोणती चालते ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, चिठ्ठी डब्यातच आहे.

पोट्ट्याला फॉलिक अॅसिड रोज. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टर सांगतील तितकंच, आणि ते चालू आहे तोवर ठरल्या तारखांना रक्त तपासायचं. शाळेत लोहाची गोळी वाटतात, ती मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला नाही. त्याचं रक्त कमी आहे ते लोह कमी म्हणून नव्हे, पेशी लवकर फुटतात म्हणून. रक्त चढवलेल्या लेकराच्या अंगात तर लोह साचत जातं. तुला बाळंतपणात हीच गोळी अमृतासारखी लागेल. म्हणजे पुन्हा तेच, एकाचं औषध ते दुसऱ्याला विष.

आणि फवारणीचं औषध घरात आणायचं नाही, दुसऱ्या बाटलीत ओतूनसुद्धा. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. त्या डब्याला वावरातल्या खोपटातच कुलूप. या घरात “औषध” म्हटलं की एकच अर्थ राहिला पाहिजे.

सुई, साखर आणि लाइन

इन्सुलिनची बाटली ४० युनिटची आहे, तिला लाल टोपणाचीच सिरिंज. केशरी टोपणाची १०० ची असते. दुकानदाराने चुकून ती दिली आणि आकडा तोच धरून टोचलंस तर औषध निम्म्याहूनही कमी जाईल आणि साखर चढेल. ताट वाढून तयार असल्याशिवाय सुई टोचू नकोस. किडनी थकली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, साखर एकदम उतरते. घाम फुटला, हात थरथरले, किंवा शांत माणूस विनाकारण खेकसला, तर वाद घालू नकोस. तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाज, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघ. सत्तरच्या खाली असेल तर परत तेच. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, १०८ ला फोन.

न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेव, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठली की ती फेकायचीच. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिही, चार आठवड्यांनंतर ती बंद. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइन जाते तेव्हा कोपऱ्यातलं लहान मडकं बघ: खाली ओली वाळू, वाळूत झाकणाचा कोरडा डबा, डब्यात बाटली, वरून ओलं फडकं. त्या मडक्याने मला कित्येक उन्हाळे तारलंय.

कापूस आत्याबाईंच्या खोलीत नको

दिवाळीनंतर वेचा सुरू झाला की भाव वाढेल म्हणून सगळं घर कापसाने भरतं. तो पुढच्या खोलीत भर, आपण अंगणात निजू. पण आत्याबाईंच्या खोलीत एक गाठोडंही नको. त्याच्या धुळीने त्यांची छाती भरते. पाणी तापवायला चुलीत पऱ्हाटी घालशील तर त्यांना आधी मागच्या दारी बसव. त्यांचे पंप दोन आहेत. एक दम लागल्यावरचा, एक रोजचा. बरं वाटतंय म्हणून त्या रोजचा सोडून देतात. तू सोडू देऊ नकोस, आणि तो घेतला की गुळणी करायला लाव, नाहीतर तोंड येतं.

कापसाच्या आधी येतं नवरात्र. तेव्हा आपल्या जगदंबेची यात्रा भरते, सगळ्यांनाच उपास करावासा वाटतो. मामाजींनी करायचा नाही. इन्सुलिन आणि रिकामं पोट यांचं जमत नाही, आणि साबुदाण्याने साखर चढते ती वेगळीच. त्यांच्या वाटचा उपास गेली काही वर्षं मी धरते. देवीला हिशेब कळतो.

लाल कार्डाच्या लेकराला ताप म्हणजे थांबायचं नाही

बाकीच्या पोरांना ताप आला की आपण एक रात्र वाट बघतो. पोट्ट्याच्या बाबतीत नाही; त्याचं सिकलसेलचं कार्ड लाल, म्हणजे पूर्ण आजार. १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, दम लागला, एक हात लुळा वाटला, तोंड वाकडं झालं, की त्याच घटकेला पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालयात. रोज अंघोळीच्या वेळी त्याच्या डाव्या बरगडीखाली हात लावून बघ. तिथे पानथरी असते. ती अचानक मोठी लागली आणि पोरगा पांढरा पडला तर वेळ घालवू नकोस. पावसात भिजणं, नदीच्या गार पाण्यात डुंबणं, उन्हात पळणं यांनी कळ उठते. कळ उठली की शेक दे, पाणी पाज. बर्फ कधीच नाही.

आता माझी चूक ऐक. पाचव्या वर्षी तो पाय धरून रडायचा, तेव्हा मीच म्हणायची, “अंग चोरतंय पोट्टं.” वाताचं तेल चोळायची आणि वावरात पाठवायची. थंडीतल्या एका रात्री तो रडायचाही थांबला, नुसता छताकडे बघत पडला. मग रक्त तपासलं. त्याचे आई-बाप दोघंही पिवळ्या कार्डाचे, म्हणजे वाहक. असं जोडपं असलं की दर खेपेला चारात एक शक्यता लेकराला पूर्ण आजार असण्याची. त्यांच्या लग्नात पत्रिका जुळवली, मानपान जुळवला, रक्त कोणी जुळवलं नाही. तुमच्या लग्नाच्या वेळी आधी रक्त बघितलं ते त्याच्यामुळे. तुझा नवरा पिवळा, तू पांढरी, म्हणून तुझ्या लेकराला तो आजार व्हायचा नाही. वाहक मात्र होऊ शकतं. हे त्याचे उपकार समज आणि तो कुरकुरला तरी “नाटक करतो” हा शब्द या घरात काढू देऊ नकोस.

कागद आणि वेळ

तालुका आपल्या केळापूरच्या नावाचा, पण कचेरी आणि मोठा दवाखाना पांढरकवड्याला. चौघांचे कागद चार पिशव्यांत, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स प्रत्येकीत. महात्मा फुले योजनेला तेच आधी मागतात. यवतमाळला जायचं झालं तर मामाजींना पंच्याहत्तरी झाल्यापासून एसटीचं तिकीट नाही, सिकलसेलचं प्रमाणपत्र दाखवलं की पोट्ट्याला साध्या गाडीत नाही, आणि २०२३ पासून तुझं-माझं अर्धं. दोघांची तारीख एकाच दिवशी मागून घे. डॉक्टरांना विचारलं तर देतात, आपण विचारत नाही एवढंच.

आणि हे सगळं पाठ करू नकोस. गोळी, सुई, पंप, काटा यांना घरातल्याच कामांचा खुंटा दे: चहाआधी काटा, ताट वाढल्यावर सुई, दिवा लावताना पंप, भांडी घासून झाली की उद्याच्या गोळ्या. घड्याळ बंद पडतं, चूल रोज पेटतेच.

सोमवारी मला सकाळी निघायचंय. त्या दिवशी तांबे तू भर. मी नुसती दारात उभी राहून बघेन.