पडद्याचा एक धागा जाळून बघा

घर बांधून होतं तेव्हा पैसा संपलेला असतो आणि खिडक्या उघड्या असतात. आमच्या आंधळगावात बहुतेकांची हीच गत. स्लॅब, प्लॅस्टर आणि फरशीतच अंदाजापेक्षा जास्त जातात. मग पडदे, गाद्या, दिवाण, चादरी घ्यायची वेळ आली की हात आखडतो आणि माणूस सेल शोधायला निघतो. आम्हीही निघालो. थोड्या पैशांत घर लावण्यात कमीपणा काहीच नाही. पण आमचे त्यातलेही बरेच पैसे वाया गेले. ते कशाकशात गेले हे सांगितलं तर दुसऱ्या कुणाचे वाचतील.

पहिला फटका बसला पडद्यांत. शहरातल्या एका सेलमध्ये 'प्युअर कोसा', म्हणजे अस्सल रेशीम, म्हणून मधाच्या रंगाचे पडदे आणि उशांचे अभ्रे मिळाले, तेही साध्या सुती कापडाच्या भावात. आंधळगाव हे कोशाच्या हातमागाचं गाव, आणि आम्ही कोसा आणला बाहेरून! शेजारच्या विणकर काकांनी शिवणीतून एक धागा ओढला आणि त्याला काडी लावली. धागा वितळला, टोकाला काळी टणक गोळी झाली. काका एवढंच म्हणाले, "हा कोसा नाही जी, पालिस्टर होय."

ही परीक्षा कुणालाही जमते. खरा कोसा जळताना केस जळल्यासारखा वास येतो, कारण रेशीम आणि केस दोन्ही प्रथिनांचे बनलेले असतात. त्याची राख बोटांत चुरली की भुगा होतो. सुती धागा कागदासारखा भुरकन जळतो आणि मऊ करडी राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा मणी होतो, तो चुरता येत नाही. दुकानदाराकडे कडेचा एक धागा मागा. द्यायला तो कुरकुरला तर तेच उत्तर समजा.

शिवाय कोसा त्या भावात मिळूच शकत नाही. कोशाची अळी ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर जंगलात वाढते. तिचे कोष गोळा करायचे, उकळायचे, धागा काढायचा आणि मग तो हातमागावर चढवायचा. यात किती हात लागतात ते पाहिलं की भाव आपोआप कळतो. कोसा हवाच असेल तर विणकराच्या घरी जा, माग बघा. दुकानातून घेत असाल तर सिल्क मार्कची चिठ्ठी बघा. हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून हँडलूम मार्कही आहे. पण खरं सांगायचं तर खिडकीला कोसा लावूच नये. विदर्भाच्या उन्हात रेशीम विटतं आणि विरतं. खिडकीला जाड सुती कापडच बरं.

खर्चाचा क्रम तर आमचा अगदी उलटा लागला होता. पाहुण्यांना दिसेल ते आधी घेतलं, अंगाला लागेल ते मागे राहिलं. आता कुणी विचारलं तर मी सांगते: आधी गादी, मग अंथरूण-पांघरूण, मग बसायचं-ठेवायचं सामान, आणि सगळ्यात शेवटी शोभेच्या वस्तू. पडद्याऐवजी वर्षभर जुनं लुगडं लावलं तरी काही अडत नाही. वाईट गादीवर मात्र वर्षभर पाठ दुखते.

गादी कापसाची करणार असाल तर समोर बसून भरून घ्या. तयार गादीच्या खोळीत गिरणीचा टाकाऊ कापूस आणि चिंध्यांचा पिंजलेला भुगा भरलेला असू शकतो, बाहेरून काही कळत नाही. खोळ आणि कापूस वेगवेगळा तोलून घ्या. जुन्या गादीचा कापूस चांगला असेल तर तो पुन्हा पिंजून नवी खोळ घालणं सगळ्यात स्वस्त पडतं. फोमची गादी घेताना नुसती किती इंची ते विचारू नका, घनता किती ते विचारा. मुठीने दाबून सोडा. खड्डा लगेच भरून आला नाही तर पुढे जा.

चादर घेताना कापड दोन्ही हातांत चोळा. पांढरी भुकटी झडली तर तो कडकपणा खळीचा आहे, पहिल्या धुण्यात निघून जाईल आणि हातात जाळी उरेल. कापड उजेडात धरून वीण बघा. ओल्या रुमालाने कोपरा घासला की रंगाचं कळतं. 'सोलापुरी' एवढं ऐकून भुलू नका. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावावर दुसरा मालही खपवतात.

आणि माप! फीत घेऊन पलंग, गादीची जाडी, खिडकी सगळं मोजा आणि कागदावर लिहून न्या. तयार पडदे बहुधा 5, 7 आणि 9 फूट लांबीत येतात. पडद्याला चुण्या पडायला हव्या असतील तर कापडाची रुंदी खिडकीच्या जवळजवळ दुप्पट लागते. म्हणजे 'एक पडदा एवढ्याला' हा भाव निम्माच असतो. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून चार बोटं जास्तच घ्या.

लाकडी सामानात आमच्याकडे खरा शत्रू निघाला कूलर. उन्हाळ्यात तो रात्रंदिवस चालतो, खोलीभर ओल राहते. भुशाच्या पार्टिकल बोर्डचा दिवाण दिसायला सागवानासारखा होता. एका उन्हाळ्यात त्याच्या कडा फुगल्या, पावसाळ्यात बिजागऱ्यांचे स्क्रू निसटले. 'इंजिनिअर्ड वूड' म्हटलं की मागची, न रंगवलेली बाजू बघा. भुसा दिसला तर ती वस्तू ओलीत टिकणार नाही. प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का असतो: 303 हा क्रमांक साध्या वापराच्या प्लायचा, 710 हा पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा. त्यापेक्षा गावच्या वेल्डरकडून लोखंडी दिवाण करून घेतलेला बरा. पाइप किती गेजचा ते मात्र विचारा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. बदली झालेल्या कर्मचाऱ्यांकडे जुनी सागवानी कपाटं, टेबलं कधीकधी मिळतात. वाळवी आहे का ते खालून ठोकून पाहा, आणि नसेल तर नव्याचा मोह सोडा.

आमचं भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून समई किंवा फुलदाणी घ्यायला गेलात तर छोटं लोहचुंबक जवळ ठेवा. ते चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता पितळेचा मुलामा.

राहिलं बिल. सेलमध्ये 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असते आणि आपण मान डोलावतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 सांगतो की बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. आमच्याकडे कोशाच्या पडद्यांचं बिल नव्हतं, त्यामुळे तक्रार करायला हातात काहीच उरलं नाही. तेव्हा पैसे थोडे असोत की जास्त, वस्तूचं नाव आणि कापडाचा प्रकार लिहिलेलं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.