हरवलेले चार व्होल्ट

मोटरबोटीचे बटण दाबले, पण इंजिन फिरण्याऐवजी नुसता 'टक्' असा आवाज झाला. बॅटरीला व्होल्टमापक लावावा, तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो. म्हणजे बॅटरी पूर्ण भारित आहे. मग दोष कोठे?

ओहमचा नियम आठवा : दाब = प्रवाह × रोध. खाऱ्या हवेत तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो. समजा, त्यामुळे एका जोडाचा रोध ०.०४ ओहम झाला. प्रवाह नसताना तेथे दाब मुळीच घटत नाही. त्यामुळे दोष लपून राहतो. परंतु १०० अँपिअर प्रवाह वाहू लागताच १०० × ०.०४ = ४ व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडतात आणि स्टार्टर उपाशी राहतो!

म्हणून मापन बटण दाबलेले असतानाच करावे. मापकाचे एक टोक बॅटरीच्या अग्रावर व दुसरे त्याच अग्राला जोडलेल्या तारेवर ठेवा. वाचन शून्याजवळ हवे. ते बरेच अधिक आले, तर चोर सापडला. जोड सोडवून घासा व घट्ट आवळा. मात्र भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तेथे ठिणगी पडू देऊ नका.

टॉर्चचा घट, दिवा व गंजलेला खिळा घेऊन हाच प्रयोग वर्गात करून पाहा.