राणीचे राज्य : स्मरणरंजन आणि मराठी ग्रंथांची साक्ष

‘इंग्रजांचे राज्य बरे होते’ हा उद्गार नागपूरसारख्या शहरात अजूनही कानी पडतो. दगडी बंगले, वक्तशीर आगगाड्या, शिस्तीच्या कचेऱ्या यांच्या या आठवणी अर्थातच उसन्या आहेत. व्हिक्टोरिया राणीचा काळ (१८३७–१९०१) पाहिलेले कोणी आज हयात नाही. या स्मरणरंजनाला मराठी ग्रंथांचा आधारही दिला जातो. तत्कालीन लेखकांनी राणीची स्तुती केली, सबब रयत सुखी होती, असा हा युक्तिवाद आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात राणीच्या सम्राज्ञीपदाची घोषणा झाली. त्याच दिवशी जमशेदजी टाटा यांची नागपुरातील गिरणी सुरू झाली आणि ‘एम्प्रेस’ हे नाव तिला चिकटले. गिरणी गेली, तिच्या जागेवरील मॉल ते नाव मिरवतो आहे. दरबार भरला तेव्हा दख्खन आणि मद्रास इलाखा दुष्काळाने होरपळत होता. १८७६–७८ च्या त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या पुस्तकात राणीच्या राज्याविषयी कृतज्ञता आहे, हे नाकारता येत नाही. स्त्रियांना विद्या मिळू लागली, हे तिचे कारण. परंतु पुस्तकाचे निमित्त ठरलेल्या सुरतेच्या तरुण विधवेला १८८१ मध्ये बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली ती राणीच्याच न्यायालयाने. ती शिक्षा पुढे सौम्य झाली.

जोतीराव फुले यांच्या लेखनात हा ताण अधिक उघड आहे. पेशवाईच्या तुलनेत त्यांना इंग्रजी राज्य इष्ट वाटे. तरीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) ऐषआरामी गोरे अधिकारी आणि शेतसाऱ्याचा बोजा यांवर त्यांनी कठोर प्रहार केले. १८८८ मध्ये राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासमोर ते पुण्यात शेतकऱ्याच्या वेषात उभे राहिले, तेही याच भूमिकेतून. येथे स्तुती ही अर्जाची भाषा आहे. अर्जदार आधी मान देतो, मग गाऱ्हाणे मांडतो. स्मरणरंजन करणारा वाचक मायना वाचून थांबतो.

हे गाऱ्हाणे तत्कालीन मित्रांनाही पेलले नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे सहकारी. पण ‘दीनबंधू’त त्यांनी ‘असूडा’ची पहिली दोनच प्रकरणे छापली. संपूर्ण ग्रंथ फुल्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही.